पाठ असलेला तक्ता

भिंगकाकांच्या दुकानात शिरलं की माणसाला आधी स्वतःचंच तोंड दिसायचं. दुकान अरुंद, बोळासारखं. नजर तपासायला अंतर लागतं आणि अंतराला भाडं पडतं, म्हणून काकांनी समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावला होता आणि अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगला होता, उलटा छापलेला. खुर्चीत बसायचं, एक डोळा झाकायचा आणि आरशात बघून वाचायचं. अंतर आपोआप दुप्पट. ही युक्ती काका नव्या गिऱ्हाइकाला अशा थाटात समजावून सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं आरशाचा शोध यांच्याच घराण्यात लागला.

भिंगकाका हे नाव आळीतल्या पोरांनी ठेवलेलं. काकांना ते आवडायचं, पण आवडत नसल्यासारखं दाखवणं त्यांना वयाला शोभेसं वाटे. त्यांना स्वतःला चष्मा नव्हता, त्यांच्या वडिलांना नव्हता, आणि लोकांच्या नाकावर चष्मे चढवत असताना "आमच्या घरात कुणाला लागला नाही बरं का" हे वाक्य ते अधूनमधून सोडत. त्यात धंद्याचं नुकसान आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

सुट्टी संपत आली की दुकानात उभं राहायला जागा नसे. दप्तर, बूट, पाण्याची बाटली आणि शेवटी डोळे, अशी आयांची बाजारातली फेरी ठरलेली. बाकावर पोरं चुळबुळत बसायची. काका एकेकाला आधी मशीनपुढे हनुवटी टेकवायला लावायचे, मग खुर्चीत, मग तक्ता. प्रत्येक पोराला एक विनोद आणि प्रत्येक आईला एक भाषण. विनोद बदलायचे. भाषण बदलत नसे.

काकांना एकच मुलगी. चौथी संपवून पाचवीत जायची होती. तिच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी शेरा मारला होता, 'लक्ष नाही'. फळ्यावरचं उतरवताना गणितं चुकवते, भलतेच आकडे लिहिते, विचारलं तर हसते. काकांनी हा शेरा मनाला लावून घेतला. लक्ष नाही म्हणजे काय? लक्ष आणता येतं. त्यांनी एक जाड पुस्तक आणलं, त्यातली पहिली तीन प्रकरणं वाचली आणि घरात आरोग्याचं राज्य सुरू झालं. पहाटे उठणं, गाजराचा रस, भिजवलेले बदाम, डोळे मिटून बसणं, टीव्ही बंद, मोबाइल कपाटात. मग मैदानावर चेंडू. एकाग्रतेला चेंडूसारखं औषध नाही, असं दुसऱ्या प्रकरणात होतं.

काकांची बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांना "पुढच्या खिडकीवर जा" म्हणून आलेली बाई घरी फारशी बोलत नसे. तिने एकदाच विचारलं, "अहो, तिचे डोळे बघितलेत का एकदा?"

"डोळे?" काका हसले. "चष्म्याच्या दुकानदाराची मुलगी ती! दर सुट्टीत बघतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. खडाखडा."

"मशीनवर बघितलंत?"

"घरच्यांना कसलं मशीन लावायचं? तक्ता वाचते म्हटलं ना."

बायकोने विषय सोडला. या बाबतीत नवऱ्यापुढे बोलणं म्हणजे नवऱ्याने तिला तिकीट कसं चिकटवायचं ते शिकवण्यासारखं होतं.

तर रोज सकाळी मैदान. काका लांब उभे राहून चेंडू टाकायचे आणि मुलगी तो सोडायची. चेंडू तिच्या खांद्यावर आपटायचा, कानाशेजारून जायचा, आणि तो गेल्यावर तिचे हात वर यायचे.

"चेंडूकडे बघ! चेंडूकडे! कुठे बघतेस?"

ती हसायची.

"अगं, दात काय काढतेस? मी काय सर्कशीतला आहे? वेंधळाबाई, तुमच्याशी बोलतोय मी!"

ती अजून हसायची. काकांचं डोकं फिरायचं ते या हसण्याने. न येणं एक वेळ समजू शकतं, पण वर निगरगट्टासारखं हसायचं? वेंधळाबाई हे नाव सुरुवातीला लाडाचं होतं. सुट्टी संपेपर्यंत त्यातला लाड उडून गेला आणि नाव राहिलं. मावशीकडे, दुकानात, फोनवर, सगळीकडे. "आमच्या वेंधळाबाईंनी आज दाराची चौकट पाडायचा प्रयत्न केला, डोक्याने." लोक हसायचे. काकांना लोक हसलेले आवडत.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात काकांनी तक्ता बदलला. जुना इतका पिवळा पडला होता की चांगल्या नजरेचे लोकही शेवटच्या ओळीला अडखळायला लागले होते. नवा आणला, तोही उलटाच छापलेला, पण अक्षरं वेगळ्या क्रमाने. स्टुलावर चढून त्यांनी तो स्वतः टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक गच्च भरलेला. एक आजोबा नातीला घेऊन आले होते. पुढचे दात पडलेली, पहिलीत जाणारी. खुर्चीत बसायला ती काही केल्या तयार होईना.

"डोळा काढतात का?" तिने आजोबांना विचारलं.

"नाही गं बाई, नुसतं वाचायचं," काका म्हणाले. "थांब, ताई करून दाखवते. अहो वेंधळाबाई, या बाहेर!"

आतल्या खोलीत मुलगी पुसलेल्या फ्रेमा डब्यात घालत होती. ती आली, येताना बाकाच्या कोपऱ्याला अडखळली, बाकावरच्या आया हसल्या. सवयीने खुर्चीत बसली आणि तिने डावा डोळा झाकला. काका छडी घेऊन तक्त्याजवळ उभे.

"हं. वरून."

"ट," मुलगी म्हणाली. "ग, न. प, र, क."

छान वाचत होती. ठेक्यात, न थांबता. काकांची छडी एकेका ओळीखाली सरकत होती आणि त्यांचं लक्ष आजोबांच्या चेहऱ्यावर होतं, कारण कौतुक तिथून यायचं होतं.

"आजोबा," दात पडलेली म्हणाली, "ताई खोटं वाचतेय."

"असं बोलू नये."

"अहो, पण पहिलं ट नाहीये! म आहे. म मगरीचा."

काकांनी तक्त्याकडे बघितलं. म होता. मगरीएवढाच मोठा.

"अगं, नीट बघून वाच," काका म्हणाले. "चेष्टा पुरे."

मुलीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी सावकाश आणि मोठ्याने, कविता विसरल्यावर म्हणतात तशी. "ट. ग, न. प..." बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी आरशात बघितलं. आरशात मुलगी होती, उघडा डोळा शांतपणे समोर लावून बसलेली. तो डोळा कशावरच टेकलेला नव्हता. इतक्या वर्षांत असे शेकडो डोळे त्यांनी ओळखले होते, आयांना वाटेतच सांगितलं होतं, "हिला लागणार बरं का." तिच्यामागे आरशात छडी धरलेला एक माणूस उभा होता. त्याचा चेहरा काकांना बघवेना.

समजायला क्षण पुरला. पुढच्या क्षणी त्यांनी जे केलं, त्याची त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. ते मोठ्याने हसले.

"फसलात की नाही सगळे? जुना तक्ता पाठ आहे तिला! आमच्या वेंधळाबाई गंमत करतात!"

बाक हसला. मुलीने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"हो," ती म्हणाली. "गंमत केली."

आणि खुर्चीतून उतरून, बाकाचा कोपरा हाताने चाचपत, आत निघून गेली.

काकांनी दात पडलेलीला तपासलं. मग पुढच्याला. गर्दी होती, आणि गर्दीचं निमित्त त्यांना पुरलं. तेवढ्यात एका आईने विचारलं, "काका, आपल्या मुलाला दिसत नाही हे आईबापांना कळावं कसं हो? ही तर काही सांगतच नाहीत."

हे भाषण काकांच्या तोंडात वर्षानुवर्षं बसलेलं होतं. ते आपसूक सुरू झालं. "त्याचं असं आहे ताई, मुलाला विचारू नका. ते दिसतं म्हणूनच सांगणार, त्याला दुसरं काय माहीत? तुम्ही बघा. फळ्यावरचं चुकीचं उतरवतं का. चेंडू पकडता येत नाही का. येता-जाता आपटतं का. आपल्याला वाटतं पोर वेंधळं..." इथे काका थांबले. पुढचं वाक्य होतं, 'पोर वेंधळं नसतं, आईबाप आंधळे असतात.' या वाक्याला दर वर्षी हशा मिळायचा.

"वेंधळं काय?" आईने विचारलं.

"काही नाही. आणा एकदा तपासायला," काका म्हणाले.

दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि मुलीला बोलावलं. नावाने बोलावलं. तिला हाक ओळखू यायला वेळ लागला. मशीन झालं. मग त्यांनी चाचणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, जिच्यात एकेक काच घालून बघतात.

"आरशात काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"आरसा."

"आणि त्याच्यात?"

"पांढरं."

त्यांनी काच घातली. मग तिच्याहून जाड. मग तिच्याहून. कप्प्यातल्या या भागाकडे त्यांचा हात मुलांसाठी सहसा जात नसे.

"मग तू दर वर्षी वाचायचीस ते?"

"तुम्हीच शिकवलंत ना," मुलगी म्हणाली. ते खरं होतं. बालवाडीत जायच्या आधी, इतर मुलं गाणी म्हणत त्या वयात, काकांनी तिला मांडीवर घेऊन तक्ता पाठ करून घेतला होता. पाहुण्यांसमोर ती तो म्हणून दाखवायची आणि काका पाहुण्यांकडे बघायचे. "मला वाटायचं सगळे पाठ करूनच येतात. ज्यांचा पाठ नसतो त्यांना चष्मा लागतो."

काकांनी पुढची काच कपड्याने पुसली. ती स्वच्छच होती.

"आणि मैदानावर? मी एवढा ओरडायचो, तेव्हा तू हसायचीस ते का?"

मुलीने जरा विचार केला. फ्रेमच्या वजनाने तिचं नाक सुरकुतलं होतं.

"लांबून तुमचा चेहरा नुसता गोल दिसतो," ती म्हणाली. "तुम्ही रागावलात की गंमत करताय, ते कळत नाही. म्हणून मी आपली हसून ठेवायचे."

काका ती काच आणखी पुसत राहिले. मग ती घातली, आणि मुलगी म्हणाली, "म."

घरी बायकोने जेवताना नंबर विचारला. काकांनी सांगितला, आवाज खाली घेऊन, जणू शेजाऱ्यांना कळायला नको. ती जेवायची थांबली. आता ती 'मी म्हटलं होतं' म्हणणार म्हणून काकांनी मान खाली घातली. तेवढं तरी हक्काने मिळेल असं त्यांना वाटत होतं.

"मीसुद्धा वेंधळीच म्हणत होते तिला," बायको म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

फ्रेम मुलीने स्वतः निवडली, जवळून, नाकाशी धरून, एकेक. तिने गडद निळी घेतली. एरवी निळ्या फ्रेमवर काकांचा एक विनोद होता. तो त्यांना आठवलाही. त्यांनी काचा कापल्या, घासल्या, बसवल्या, दांड्या गरम करून तिच्या कानामागे वाकवल्या, आणि हे सगळं एखाद्या परक्या, वजनदार गिऱ्हाइकाचं काम असावं तसं अदबीने केलं. गाजराचा रस बंद झाला. जाड पुस्तक कपाटात मोबाइलच्या जागी गेलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी काका तिला सोडायला गेले. फाटकापाशी ओळखीचे आईबाप होते, निम्म्यांच्या मुलांच्या नाकावर काकांचा माल होता. "अरे वा, तुमच्याकडेही लागला का?" एकाने विचारलं. "आणि आमच्या घरात कुणाला नाही म्हणायचात!"

"लागला होता," काका म्हणाले. "मला दिसला नाही."

तो माणूस विनोद समजून हसला.

मुलगी रस्ता ओलांडून फाटकापर्यंत गेली. काका अलीकडच्या बाजूला थांबले. अंतर मैदानावर असायचं तेवढंच होतं. तिथे ती वळली आणि तिने त्यांच्याकडे बघितलं.

काकांच्या लक्षात आलं की आता आपला चेहरा तिथपर्यंत पोचतोय. त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. लाज वाटलेला चेहरा पोराला शाळेत जाताना दाखवू नये, आणि दुसरा त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी आपलं हसून ठेवलं.

मुलगी हसली नाही. तिला आता गरज नव्हती. शेवटची ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत. मग तिने बोटाने चष्मा वर सरकवला आणि कुठेही न अडखळता आत गेली.