गोळ्यांच्या साच्याला कांदा

बंदुकीच्या गोळ्यांना कांद्याचा वास येऊ शकतो, हे मला जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आमचे शेजारी वेर्नर इथल्या नेमबाजांच्या मंडळात आहेत. वर्षातून एकदा ही मंडळी टोपीत पीस खोवून, छातीभर बिल्ले लावून बँडमागून चालतात आणि मग नेमबाजी करून आपला राजा निवडतात. (प्रजा कोण, हे मला अजून कळलेलं नाही.) वेर्नर जुन्या घडणीची बंदूक वापरतात आणि तिच्या शिशाच्या गोळ्या बागेतल्या शेडमध्ये स्वतः ओततात. राजा मात्र ते कधीच झाले नव्हते. यंदा व्हायचंच, म्हणून त्यांनी बिडाचा नवा साचा आणला आणि जुना भंगारात दिला.

"नवा साचा आधी रुळवावा लागतो," ते म्हणाले.

"बीड ना? द्या माझ्याकडे. आमच्या घरात यातलं सगळं कळतं."

मी केमिकल इंजिनिअर. त्यांनी विश्वास ठेवला.

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी दोन दांड्यांचा तो साचा उघडून पाहिला. "जावईबापू, या चिमट्यात करतात काय?"

"गोळ्या. गोल गोल."

"म्हणजे अप्पेपात्रच की. कांदा आणा."

"अरे, वेर्नरना एकदा विचार तरी," बायको म्हणाली.

"बीड ते बीड," सासूबाई आणि मी एकदम म्हणालो. (आमचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. मला तिथेच शंका यायला हवी होती.)

तेल लावलं, तापवला, अर्धा कांदा घासला, पुन्हा तेल. साचा तव्यासारखा काळाभोर, तुकतुकीत झाला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वेर्नरनी शिसं ओतलं. पहिली गोळी मनुकेसारखी निघाली.

"पहिली अशीच येते," ते म्हणाले.

नंतरच्याही तशाच आल्या. शेडमध्ये धूर झाला. वेर्नरनी नाक वर केलं. "कांदा?"

"आणि शेंगदाण्याचं तेल," मी अभिमानाने म्हणालो. "चांगलं मुरवलंय."

त्यांनी पळी खाली ठेवली. "साच्यातलं तेल काढायचं असतं. जरा राहिलं तरी गोळीला सुरकुत्या पडतात."

"सगळं काढायचं?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

संध्याकाळपर्यंत आम्ही साचा साबणाने घासत होतो. पण ते सासूबाईंनी बसवलेलं तेल होतं. जर्मन साबणाला ते काय दाद देणार?

दुसऱ्या दिवशी वेर्नर पीस खोवून, सुरकुतलेल्या गोळ्या घेऊन बँडमागून चालले. एक गोळी लक्ष्याच्या डावीकडून गेली, एक उजवीकडून. राजा झाला त्यांचा मेहुणा.

पुढच्या शनिवारी वेर्नर दारात उभे. हातात कोरा बिडाचा तवा. मी हात पुढे केला, तर त्यांनी तवा पाठीमागे नेला.

"आल्झो... तर, सासूबाई आहेत का?"

सासूबाईंनी तवा फार सुरेख तयार करून दिला. मला फक्त कांद्याचे दोन तुकडे करायला सांगितले होते. त्यांच्या मते तेही सारखे झाले नाहीत.