मारका बैल आणि हिरवा गोळा

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचं नाव निघालं, की मला तो तांबडा बैल आठवतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी त्या भागात फौजदार होतो.

सकाळची हजेरी आटोपली होती. ऊसतोडीला जाणारं एक जोडपं ठाण्यात आलं. नवऱ्याचा हात गळ्यात बांधलेला, आणि बोलत होती ती बायकोच. बाजारात गरीब वाटलेला बैल घरी नेल्यावर बिथरला आणि त्याने नवऱ्याला खांबावर दाबून हात मोडला होता.

हवालदार म्हणाले, "बाई, बैल मारका निघाला. त्यात पोलिसांनी काय करायचं?"

"सायेब, बैल बाजारात नशेत हुता," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "तोंडाला हिरवा फेस हुता. माझा सासरा चिलीम वढायचा. गांजाचा वास वळखते मी."

मी दोघांना बसवलं आणि फिर्याद लिहून घेतली.

पुढच्या बाजारी आम्ही साध्या वेशात गेलो. आमचा शिपाई गिऱ्हाईक बनून मारक्या बैलावर औषध विचारत फिरला. जनावरांची औषधं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याच्या हातावर पिठाचा हिरवा गोळा ठेवला. पंचांसमक्ष त्याच्या पेटीची झडती झाली. माल जप्त केला, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेकडे रवाना केले.

"भांग हाय ती, सायेब. नुसता पाला. गांजा न्हाई," म्हातारा म्हणाला.

"भांग विकायलाही परवाना लागतो. कुठे आहे?"

"जनावराच्या औषधाला कसला परवाना?"

म्हातारा कच्चा नव्हता. नुसता पाला असेल तर गुन्हा हलका. फुलोऱ्याचे शेंडे निघाले तर तो गांजा, आणि त्याला शिक्षा कडक. हा फरक त्याला पक्का ठाऊक होता. दुपारपर्यंत तो एकच पालुपद लावून बसला.

शेवटी मी चहा मागवला आणि त्याच्या घरच्या बैलांची चौकशी केली. त्याचा चेहरा खुलला. जोडीचं कौतुक करता करता तो रंगात आला.

मी सहज विचारलं, "त्यांनाही देता का हा गोळा?"

"छ्या! खुळी व्हतील की ती!"

बोलून गेला आणि त्याने हातातला कप खाली ठेवला. चहा तसाच निवला. मग आपणहून म्हणाला, "दलाल मागतो, सायेब. मारकं जनावर खपवायचं आसलं की. मालबी त्योच देतो. लई वंगाळ केलं मी."

दलालाचं शेत खर्ड्याच्या बाजूला होतं. तिथल्या ठाण्याची मदत घेऊन छापा घातला. तुरीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं उभी होती. प्रयोगशाळेचा अहवालही आला: गोळ्यात फुलोराच होता. पुढे कोर्टात दलालाला मोठी शिक्षा लागली, म्हाताऱ्याला कमी. जोडप्याला तो मारका बैल याच दलालाने विकला होता; त्याच्या भावाने तो परत नेला आणि बदल्यात दुसरा दिला.

ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाला कलम माहीत नसतं. त्याला आपलं दुखणं तेवढं सांगता येतं. त्यात कलम शोधणं आपलं काम. हे मी त्या प्रकरणात शिकलो आणि पुढे प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो.

त्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात ते जोडपं मला कारखान्याच्या रस्त्यावर भेटलं. नवरा दोन्ही हातांनी कासरा धरून गाडी हाकत होता. बायकोने गाडी थांबवायला लावली, मोळीतला एक ऊस ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

"खावा सायेब, आमीच तोडलाय."

मी तिथेच, गणवेशात, रस्त्याच्या कडेला उभा राहून तो ऊस खाल्ला.