तिसऱ्या क्वार्टरमधला नारळ

स्कोअर एक्केचाळीस-बत्तीस. आम्ही पुढे. तिसऱ्या क्वार्टरची तीन मिनिटं शिल्लक. फरझानाने समोरच्या पोरीच्या हातातून बॉल काढला आणि ती एकटी रिंगकडे निघाली. तेवढ्यात टेबलवरचा हॉर्न वाजला. रेफरीने शिट्टी मारली. मला वाटलं कुणाला तरी लागलं. वळून पाहिलं तर गेटमधून पांढरी गाडी आत येत होती. प्रमुख पाहुणे आले होते.

घड्याळ कधी थांबवायचं याची बास्केटबॉलमध्ये ठरलेली यादी आहे. फाउल, टाइम-आउट, बॉल बाहेर गेला, दुखापत. त्या यादीत पाहुणे नाहीत. पण यादी वाचतो कोण? शाल, श्रीफळ आणि हार घेऊन आमच्या क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी कोर्टच्या मधोमध उभे होते.

हे सेक्रेटरी म्हणजे नाना. वय साठीच्या पुढे, माणूस वाईट नाही. मला एरवी 'पोरी' म्हणायचे, चिडले की 'मॅडम'. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. सकाळी एका शाळेत पीटी शिकवायची, संध्याकाळी मंडळाच्या मुलींच्या टीमला कोचिंग. त्याआधी कॉलेजात पाच वर्षं पत्रकं लिहिली आणि वाटली. एसटीच्या पाससाठी, होस्टेलच्या पाण्यासाठी, ग्रंथालयाच्या वेळेसाठी. त्यामुळे कुठेही अन्याय दिसला की माझ्या तोंडून आधी मथळा बाहेर पडतो.

त्या दिवशीची मॅच प्ले-ऑफची होती. म्हणजे काय, तर लीगमध्ये सगळे सगळ्यांशी खेळतात, मग वरचे चार संघ बाद फेरीत येतात. हरला तो घरी. ज्याचे गुण जास्त त्याला स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतं. आमचे गुण पुण्याच्या संघापेक्षा जास्त होते, म्हणून ते नाशिकला आले. जिंकणारा राज्याच्या फेरीत जाणार होता.

आम्हाला मात्र राज्याच्या फेरीपेक्षा मोठी गोष्ट जिंकायची होती. आमची वेळ. संध्याकाळी पाच ते सात कोर्ट मुलींचं होतं. मुलांच्या टीमला ते दोन तास हवे होते. कमिटीने मला बोलावून सांगितलं, मुली राज्यापर्यंत गेल्या तर वेळ राहील, नाहीतर सकाळी साडेपाचला या. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या बारा मुलींपैकी पाच आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायच्या. तिथलं गेट सातला उघडायचं. म्हणजे सकाळची वेळ दिली की त्या पाचजणी घरी बसल्या. त्यात आमची सेंटर यमुना होती. सेंटर म्हणजे रिंगखाली उभी राहणारी उंच खेळाडू. यमुना सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. दिवाळीला घरी जायची ती जीपच्या मागे लटकून. तीन वर्षांपूर्वी तिने बॉल पहिल्यांदा हातात घेतला होता. या मॅचच्या दिवशी तिच्या इतकं उंच कोर्टवर दुसरं कुणी नव्हतं, पुण्याची अकरा नंबर सोडून.

तर नाना. मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "नाना, तीन मिनिटं राहिलीत. क्वार्टर संपू द्या. मध्ये दोन मिनिटांची सुट्टी असतेच, तेव्हा करा सत्कार."

"दोन मिनिटांत सत्कार होतो का कुठं?" नाना म्हणाले. "पाहुण्यांना पुढं लासलगावला कांद्याच्या मीटिंगला जायचंय. त्यांच्या हातात आपली कंपाउंड वॉल आहे. जरा समजून घ्या, मॅडम."

मॅडम म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. पण मी सुरू झाले. चारची वेळ देऊन पावणेसहाला येणाऱ्या माणसासाठी खेळ का थांबायचा, मुलांच्या मॅचमध्ये असं केलं असतं का, मैदान खेळणाऱ्यांचं की खुर्चीवर बसणाऱ्यांचं. सगळं बरोबर होतं. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. रेफरीलाही मी ऐकवलं. तो बिचारा बाहेरगावचा, यजमानांच्या चहावर होता. त्याने फक्त पंधरा मिनिटांत आटपा असं सांगितलं आणि पाणी प्यायला गेला.

दोन्ही टीमना रांगेत उभं केलं गेलं. पाहुण्यांनी एकेकीशी हात मिळवला. यमुनापाशी थांबून गाव विचारलं. सुरगाणा म्हटल्यावर फार छान म्हणाले आणि अभ्यास करता ना, असं विचारलं.

"करते," यमुना म्हणाली. "आता मॅच चालूय."

पाहुणे हसले. मागे नानांचा चेहरा उतरला. मग भाषण झालं. मुलींना संधी मिळाली पाहिजे, असं पाहुणे म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे आमची कमिटी होती. ते पाहून मी पुन्हा नानांकडे गेले आणि पुन्हा भांडले.

तेवढ्यात नारळ आला. सामना सुरू होताना नारळ फोडायचा राहिला होता, कारण पाहुणे नव्हते. आता पाहुणे होते. फोटोग्राफर म्हणाला, रिंगखाली फोडा, म्हणजे फोटोत रिंग पण येईल आणि साहेब पण. शिपायाने दगड आणून बरोबर रिंगखाली ठेवला. पाहुण्यांनी दोन दणक्यांत नारळ फोडला. पाणी सिमेंटवर सांडलं. करवंटीचे तुकडे उडाले. प्रसाद वाटला. शिट्टी झाली तेव्हा माझ्या चार मुलींच्या तोंडात खोबरं होतं.

या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली.

आता मी न पाहिलेली गोष्ट सांगते. पुण्याचे कोच पाटणकर सर. पन्नाशीचे, कमी बोलणारे. भाषण चालू असताना त्यांनी आपल्या मुलींना रांगेच्या मागून हळूहळू पळवलं होतं. उड्या मारायला लावल्या, हातपाय गरम ठेवले. माझ्या मुली वीस मिनिटं पुतळ्यासारख्या उभ्या होत्या आणि त्यांची कोच नानांशी भांडत होती. घामाने भिजलेलं शरीर फेब्रुवारीच्या वाऱ्यात थंड पडलं की पाय जड होतात. हे मला शाळेतल्या मुलांना शिकवता येत होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

खेळ सुरू झाला आणि तीन मिनिटांत पुण्याने आठ गुण केले. आमचा एकही नाही. क्वार्टर संपला तेव्हा एक्केचाळीस-चाळीस. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला फरझाना रिंगखाली त्या ओल्या जागेवर घसरली. गुडघा सोलला. मी पोतं मागितलं, ते मिळेना. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. 'मुलींची वेळ, मुलींचा हक्क', पिवळ्या स्वस्त कागदावर, मॅचनंतर वाटायला आणलेली. मुलींनी तो गठ्ठा घेऊन ती जागा पुसली. स्वस्त कागद पाणी चांगलं शोषतो. मजकूर कुणी वाचला नाही, पण पत्रक कामाला आलं.

मग यमुनाचा चौथा फाउल झाला. पाय उशिरा पोचला, हात आधी गेला. बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूला पाच फाउल झाले की ती बाहेर, परत येत नाही. म्हणून चौथ्या फाउलला कोच खेळाडूला बसवतो आणि शेवटासाठी राखून ठेवतो. मीही बसवलं. यमुना बाहेर, तर रिंगखाली अकरा नंबरला अडवणारं कुणी नाही. बघता बघता चव्वेचाळीस-एकोणपन्नास. आम्ही पाचने मागे. पाच मिनिटं बाकी. मी टाइम-आउट घेतला.

टाइम-आउट एक मिनिटाचा असतो. मुली गोल करून उभ्या राहिल्या. मी म्हटलं की हे सगळं मुद्दाम झालंय, आपली वेळ काढून घ्यायला ही माणसं टपलेली आहेत, आपण दाखवून द्यायचं की... असंच काहीतरी. वीस सेकंदं गेली असतील.

"ताई," यमुना म्हणाली. "नानांचं मागून बघू. आता बॉल कुणाला द्यायचा ते सांगा. अन् मला आत घ्या."

फरझाना गुडघ्यावरचं रक्त पुसत माझ्याकडे बघत होती. त्या पाचजणींचं गेट सातला उघडतं हे त्या सगळ्यांना माहीत होतं. माझ्या भाषणाने त्यांना नवं काहीच कळत नव्हतं.

उरलेल्या चाळीस सेकंदांत मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, बॉल आधी यमुनाकडे, रिंगसमोरच्या फ्री-थ्रो लाइनवर. ती शूट करणार नाही, ती पास देणार; बाकीच्यांनी तिच्या बाजूने रिंगकडे कापायचं, म्हणजे तिला वळसा घालून पळत आत घुसायचं. दोन, डिफेन्समध्ये यमुनाने उडी मारायची नाही. अकरा नंबरने काहीही केलं तरी पाय जमिनीवर, हात सरळ वर. "तिने बास्केट केली तरी चालेल," मी म्हटलं. "तुझा पाचवा फाउल चालणार नाही."

उंच खेळाडूला उडी मारू नको सांगणं म्हणजे काय ते सांगते. तिचं सगळं शरीर उडी मारायला शिकलेलं असतं. समोरून बॉल वर गेला की पाय आपोआप सुटतात. ते धरून ठेवायला उडीपेक्षा जास्त ताकद लागते.

पुढची चार मिनिटं मी फार बोलले नाही. पहिल्याच पासवर फरझाना यमुनाला घासून आत गेली आणि बास्केट केली. मग दुसरी. पुण्याने एक केली, आम्ही पुन्हा एक. अकरा नंबरने दोनदा यमुनाच्या डोक्यावरून शॉट मारला. एक पडला, एक नाही. आमचीही आणखी एक बास्केट झाली. यमुना खांबासारखी उभी. उजेड कमी होत होता. आमच्या कोर्टला दिवे नव्हते आणि रेफरी सारखा आकाशाकडे बघत होता.

बावन्न-त्रेपन्न. वीस सेकंदं. बॉल आमचा. पुण्याच्या दोघीजणी यमुनावर धावल्या, कारण एव्हाना त्यांनाही कळलं होतं की सगळं तिच्याकडून जातं. तिने बॉल डोक्यावर धरला, थांबली, आणि खाली टप्पा देऊन फरझानाला दिला. फरझाना त्या पुसलेल्या जागेवरून धावली. या वेळी घसरली नाही. ले-अप, म्हणजे धावत जाऊन बोर्डाला लावून टाकलेला सोपा शॉट. चोपन्न-त्रेपन्न.

अकरा सेकंदं. पाटणकर सरांनी टाइम-आउट घेतला नाही. बॉल सरळ अकरा नंबरकडे. ती वळली, खांद्याने यमुनाला ढकललं, एकदा शॉट मारल्याचं खोटं दाखवलं. आमच्या बेंचवरची प्रत्येक मुलगी जागेवर उडाली. यमुना उडाली नाही. मग अकरा नंबरने खरंच शॉट मारला. समोर दोन सरळ हात होते, त्यांच्यावरून काढायला बॉल जास्त वर टाकावा लागला. रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला. फरझानाने तो पोटाशी धरला आणि त्यावर चक्क झोपली. हॉर्न वाजला.

मुलींनी यमुनाला उचलायचा प्रयत्न केला, जमला नाही. मी तिला विचारलं, कसं राहिलीस गं उभी? ती म्हणाली, "पाय बांधून ठेवल्यावानी केले, ताई. उडीच नाय मारली. लय अवघड हाय."

पाटणकर सर हात मिळवायला आले. म्हणाले, मॅच चांगली झाली. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर होतं. मध्ये थांबवायलाच नको होतं. पण भांडायला जाताना मुलींना पळायला लावून जायचं. भांडण काय, पळतापळताही होतं."

मला राग आला. खरं असल्यामुळे जास्त आला.

नाना हसत आले. पुन्हा 'पोरी' झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, कमाल केलीत म्हणाले. मी विचारलं, मग पाच ते सात नक्की ना? नानांनी खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं. म्हणाले, "होईल गं. मीटिंगमध्ये ठेवतो विषय. सगळ्यांचं मत घ्यावं लागतं."

एरवी मी इथे भांडले असते. त्या दिवशी मी टेबलवरून मंडळाचं लेटरहेड उचललं, दोन ओळी लिहिल्या आणि पेन नानांच्या हातात दिलं. संध्याकाळी पाच ते सात, रोज, मुलींचा संघ. साक्षीदार म्हणून पाटणकर सरांना सही करायला सांगितलं. त्यांनी लगेच केली. पाहुण्या संघाच्या कोचने आधी सही केल्यावर, आजूबाजूला बारा घामेजलेल्या मुली उभ्या असताना, नानांना नाही म्हणता आलं नाही. कुरकुरत त्यांनी सही केली, शिक्का मारला.

राज्याच्या फेरीत आम्ही पहिलीच मॅच हरलो, चांगल्या वीस गुणांनी. परत आल्यावर कमिटीत लगेच विषय निघाला की मुलींची वेळ कमी करावी. मी तो कागद पुढे ठेवला. विषय मिटला. यमुना आणखी दोन वर्षं संध्याकाळी खेळली, पदवी पूर्ण होईपर्यंत.

नव्या कोचेसना मी एवढंच सांगते. जिंकल्यावर लोक फार प्रेमाने बोलतात, आणि ते प्रेम साधारण अर्धा तास टिकतं. कागद त्या अर्ध्या तासात करून घ्यावा.