दोन किलोंच्या आत भाऊबीज

"यंदा भाऊबीजेला मी लासूरला जाणार," असं सुलभानं नवरात्रातच सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं.

सुलभा माझी बायको. तिच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन तीन वर्षं झाली. दर बुधवारी आणि शनिवारी नाशिकला तिचं डायलिसिस असतं. लासूर तिचं माहेर. तेव्हापासून तिचा धाकटा भाऊ विलासच दिवाळीत तिकडून आमच्याकडे येऊन ओवाळून घ्यायचा. या ब्लॉगवर मी आजवर किल्ले आणि घाट लिहिले. यावेळचा प्रवास साधा आहे, नाशिक रोड ते लासूर स्टेशन, पण घरात असा पेशंट असेल आणि त्याला सणाला कुठे न्यायचं मनात असेल, तर वाचा.

आधी वजनाचं सांगतो. डायलिसिसवरच्या माणसाला लघवी जवळपास होत नाही. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. त्यामुळे दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन पाण्याचं असतं. सुलभाचं पाणी काढल्यावरचं वजन एकावन्न किलो. डॉक्टर म्हणाले, "जा खुशाल. सणाचं जेवण जेवा. पण दोन किलोंच्या वर वाढ नको. मीठ खाल्लं की तहान लागते, आणि तहानेपुढे कुणाचं काही चालत नाही."

शनिवारचं डायलिसिस संभाजीनगरच्या एका खासगी केंद्रात पंधरा दिवस आधी ठरवून ठेवलं. रक्तातल्या संसर्गाच्या तपासणीचे रिपोर्ट, मागच्या तीन डायलिसिसचे कागद आणि औषधांची यादी लागते. यातलं काही नसेल तर दारातून परत पाठवतात.

बुधवारी डायलिसिस करून गुरुवारी, पाडव्याला सकाळी, गाडीत बसलो. बसायच्या जागा आधी आरक्षित करा, सणात उभं राहायला जागा नसते. मनमाड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसायला लागला. पाऊण लिटरची बाटली सुलभाच्या मांडीवर होती. दिवसभराचं पाणी तेवढंच, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट. लासूरला उतरेपर्यंत तिनं एक बोट पाणी संपवलं होतं. मी तिचं कौतुक केलं.

विलासचं तिथं बी-बियाणांचं दुकान आहे. तो फलाटावरच उभा होता. "दाजी, ताईला चालवू नका. गाडी पार जवळ आणलीय."

त्याच्या बायकोनं, शोभानं, मी पाठवलेली पथ्याची यादी फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. रात्री सगळ्यांना येसरची आमटी आणि भाकरी होती. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाला घातलेलं पीठ. त्याची झणझणीत आमटी हे इकडचं खास जेवण. सुलभापुढे वेगळं ताट आलं. त्यात दोनदा उकळून पाणी टाकून दिलेला दुधी आणि कोरडी पोळी.

"ताई, तुमचं वेगळं काढलंय बरं का," शोभा म्हणाली. "मिठाचा कण नाय त्यात."

सुलभा निमूट जेवली. खोलीत आल्यावर म्हणाली, "दवाखान्यातही असंच वाढतात." मी म्हटलं, बिचारी किती मनापासून करतेय. "म्हणून तर बोलता येत नाही," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिला काट्यावर उभं केलं. काटा आम्ही घरून नेला होता. बावन्न किलो शंभर ग्रॅम. मी खूश झालो.

दुपारी ओवाळून झालं. विलासनं साडी दिली, पाया पडला आणि ताईला आपल्या शेजारीच जेवायला बसवलं. शोभा वेगळं ताट घेऊन आली तेव्हा सुलभा म्हणाली, "शोभा, आज मला सगळ्यांचंच वाढ."

शोभा तिथंच थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला नको म्हणता आलं असतं. सुलभा मात्र माझ्याकडे बघत नव्हती, ती ताटाकडे बघत होती.

"वाढा," मी म्हणालो.

तिनं भाकरी कुस्करून दोन वाट्या आमटी खाल्ली. पापड खाल्ला, चिवडा खाल्ला, अनारसाही. विलास सारखा हसत होता. "लई दिवसांनी जेवली ताई आमच्या घरात," असं त्यानं तीनदा तरी म्हटलं असेल.

माझा डोळा लागला. चारच्या सुमाराला उठलो तर सुलभा शेजारी नव्हती. स्वयंपाकघराच्या मागं माठापाशी ती उभी होती, हातात भरलेला तांब्या. शेजारी शोभा.

"दाजी, चौथ्यांदा मागितलं त्यांनी," शोभा रडवेली झाली. "पाण्याला नाय कसं म्हणू?"

मी तो तांब्या सुलभाच्या हातातून ओढून घेतला. सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडलो. तिच्या माहेरी, भाऊबीजेच्या दिवशी. ती फक्त म्हणाली, "तहान लागलीय हो."

शनिवारी सकाळी चौपन्न किलो नऊशे. चेहरा सुजलेला, आडवं पडलं की दम लागायचा. लासूरहून संभाजीनगर तासाभराच्या अंतरावर आहे, पण वाटेत दोनदा गाडी थांबवून तिला काच खाली करून बसवावं लागलं.

"मावशी, एवढं पाणी एकदम नाही काढता येणार," केंद्रातली मुलगी म्हणाली.

तिसऱ्या तासाला सुलभाचं बीपी उतरलं, पायात गोळे आले आणि ती ओरडली. विलासनं डायलिसिस कधी बघितलं नव्हतं. तो तिची पोटरी दाबत बसला. नंतर बाहेर येऊन भिंतीला टेकला.

"दाजी, हे मी केलं."

"'वाढा' असं मी म्हणालो होतो," मी सांगितलं. त्याला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

उरलेलं पाणी काढायला रविवारी पुन्हा बसवलं. केंद्राजवळच्या लॉजवर राहिलो. वेळ मिळाला तर पाणचक्की बघून येऊ असं मी ठरवलं होतं. कुठेही गेलो नाही. सोमवारी घरी परतलो.

आता वाटतं, वेगळं ताटच नको होतं. सगळ्यांच्याच आमटीत मीठ कमी घालून ज्याचं त्यानं वरून घेतलं असतं, तर एक वाटी तिला निभली असती आणि तिला ती पंगतीत बसून खाता आली असती. शोभाला यादी पाठवताना मला हे सुचलं नाही. तुम्ही नक्की करा.

आठवड्यानं शोभाचा फोन आला. "ताई, पुढच्या साली आम्हीच येतो तिकडं. तुम्ही नका येऊ. मला लई भ्या वाटतं." सुलभा "बरं" म्हणाली, मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिला. शेवटी मी लिहिलं होतं की शक्यतो असा प्रवास टाळावा. तिनं ते वाक्य खोडायला लावलं.

"लोक जाणार असतील तर जाऊ द्या," ती म्हणाली. "आणि मी भावाच्या शेजारी बसून पोटभर जेवले, ते नीट लिहा. त्यापायी भानगड झाली असं नका लिहू. जेवले, एवढंच लिहा."