राजा आडवा करायची वेळ

बुद्धिबळाचे डाव विसरायला होतात. कोणी डाव कधी सोडला, ते मात्र वर्षानुवर्षं साठत जातं. झाशीत सिविल लाइंसमधल्या आमच्या व्हरांड्यात दर रविवारी पट मांडतो. आम्ही रेल्वेतली चार मराठी माणसं आणि इथलेच तिवारीजी. मोहरे गेले की राजा आडवा करून हार मानायची, की खेळत राहायचं? आमचे सगळे किस्से इथूनच निघतात.

*

पार्सल ऑफिसातल्या तिवारीजींनी डाव सोडलेला कोणी पाहिलेला नाही. एकदा माझ्याकडे वजीर आणि दोन्ही हत्ती, त्यांच्याकडे नुसता राजा. मी म्हटलं, भैया, आता सोडा. ते म्हणाले, "राजा ज़िंदा है, तो हम काहे छोड़ें?"

मी घाईत वजीर अशा घरात ठेवला, की त्यांच्या राजाला शहही नाही आणि हलायला घरही नाही. नियमाने डाव बरोबरीत! तिवारीजींनी शांतपणे दुसरा चहा मागितला.

*

बापटकाका अगदी उलटे. रिटायर्ड लोको पायलट. एकदा त्यांचं एकच प्यादं गेलं. त्यांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं आणि राजा आडवा केला.

माझी मुलगी नेहा हसली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. काका म्हणाले, माझी हरलेली बाजू तू घे, मी समोरून खेळतो. नेहाने पुन्हा पुन्हा वेगळ्या वाटा काढून पाहिल्या. दर वेळी समोरचं ते एक जास्तीचं प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं. शेवटी तिने विचारलं, "आपको इतनी दूर से दिखता है?"

"बाळ, सिग्नलपाशी पोचल्यावर ब्रेक लावून गाडी थांबत नसते."

*

नेहाने हे फारच मनावर घेतलं. ग्वाल्हेरच्या स्पर्धेत वजीर अडकला, तशी तिने लगेच डाव सोडला. बाहेर येऊन काकांना फोनवर सगळी मांडणी सांगितली. काकांनी विचारलं, तुझा घोडा कुठे होता? ती सांगता सांगता थांबली. घोड्याने शह दिला असता, तर पुढच्या खेळीला समोरचाच वजीर मिळत होता.

तिला वाटलं, काका रागावणार. ते म्हणाले, "मी तुला अर्धंच शिकवलं. सोडण्याआधी समोरच्याच्या खुर्चीतूनही बघायचं."

*

गेल्या वर्षी काकांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. ते जरा बरे होऊन घरी आले, तसे आम्ही पट घेऊन ओरछा गेटला त्यांच्याकडे गेलो. समोर तिवारीजी बसले.

काका डाव्या हाताने खेळत होते. सवय नव्हती; वजीर बोटांतून निसटून भलत्याच घरात पडला. तिवारीजी म्हणाले, काका, वापस ले लीजिए. काकांनी मान हलवली, नाही. तिवारीजींनी नाइलाजाने वजीर मारला.

काकांचा हात राजाकडे गेला. काकू दारात थांबल्या.

काकांनी राजा उचलला आणि एक घर पुढे ठेवला.

मग हत्ती गेला, उंट गेला. प्रत्येक खेळीला त्यांना वेळ लागत होता. शेवटी शहमात झाली, तेव्हा ऊन अंगणातून निघून गेलं होतं.

काकांनी डावा हात पुढे केला. तिवारीजींनी तो दोन्ही हातांत धरला. मग काका एकेक मोहरा उचलून पुन्हा मांडायला लागले. सगळे मांडून होईपर्यंत आमच्यातलं कोणीही मदतीला पुढे झालं नाही.