मोसंबीचा शेवटचा थेंब

कुठलीही गोष्ट दुसऱ्याला देण्याआधी शेजारचे काका ती स्वतः चाखायचे, आणि चाखताना डावा डोळा गच्च मिटायचे. चहा असो, खोकल्याचं औषध असो, नाही तर कुणाच्या घरून आलेलं पुरण असो. मग डोळा उघडायचा आणि निकाल लागायचा, "चालतंय." या निकालाला काही अर्थ नव्हता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आयुष्यभर तंबाखू खाऊन त्यांची जीभ कधीच मेली होती.

शहागंजच्या मागच्या गल्लीत आमची आणि त्यांची भिंत एक होती. मी घरी ब्लाउज शिवायची आणि माझं मशीन त्या भिंतीला लागून होतं, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं. ऐकायचं नसलं तरी यायचं असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे मला ऐकायचंच असायचं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे सोयगावकडचे शेतकरी, पण जन्म गेला बस डेपोत फिटरकी करण्यात.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच, ज्याला दुसऱ्याच्या घरचा गळका नळ पाहूनही चैन पडत नाही. काका टॉवेल असा पिळायचे की दोरीवर टाकल्यावर खाली थेंब पडत नसे. तेलाची रिकामी बाटली वाटीवर रात्रभर उपडी ठेवायचे. पेल्यात उरलेलं पाणी तुळशीला जायचं. पाण्याची टंचाई लहानपणापासून पाहिलेली, त्यात हात फिटरचा. "शेवटचा आटा बसला पायजे," असं म्हणून ते नळ एवढा आवळायचे की काकूंना तो उघडायचा नाही, आणि त्या कळशी घेऊन माझ्या दारात उभ्या राहायच्या. फिटरशी लग्न केलं की पाणीसुद्धा शेजारणीकडून भरावं लागतं, असं म्हणून हसायच्या. त्या हसायला लागल्या की मला मशीन थांबवावंच लागे.

त्या काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला एकच शब्द, "बास." पाय दुखला तरी बास, तहान लागली तरी बास, खिडकीतून ऊन डोळ्यावर आलं तरी बास. त्याचा अर्थ लावायचं काम काकांवर आलं, आणि ज्या माणसानं बायकोच्या बोलण्याकडे आयुष्यात फारसं लक्ष दिलं नव्हतं त्याला ते काही जमेना.

दवाखान्यात काकूंच्या नाकातून पोटात अन्नाची नळी घातली होती. त्यांनी ती उपसली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. शेवटी त्यांचा चालता डावा हात पट्टीनं कॉटच्या दांड्याला बांधला. काकांनी तो बांधलेला हात पाहिला. घरी आणल्यावर ते माझ्या दारात आले आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाले, "ताई, म्या तिला शबुद दिलाय. नळी पुन्हा नाय."

शब्द देणं सोपं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पोटात तोंडावाटे गेलं तर ठीक, नाही तर नळी घालावीच लागेल. नाशिकला नोकरीला असलेला मुलगा फोनवर तेच सांगत होता, आणि त्याचंही चुकत नव्हतं. आई वाळत चाललेली कुणाला बघवते? रविवारी येतो, तोवर जमलं नाही तर दवाखान्यात नेतो, असं त्यानं बजावलं.

सगळं अडलं होतं सकाळच्या मोसंबीच्या रसावर. काकूंना मोसंबी जिवापाड आवडायची. रस गोड लागला की त्यांचं तोंड उघडायचं, आणि मग मागून पेज, मुगाचं पाणी, सगळं चमच्याचमच्यानं आत जायचं. रस कडू लागला की ओठ मिटायचे ते संध्याकाळपर्यंत. सांगून, चुचकारून, रडून काही उपयोग होत नसे. काकांनी तिन्ही करून पाहिलं.

गाड्यावरचा रस कडू निघायचा, कारण तिथे यंत्रात बियाही चिरडल्या जातात. घरात लिंबू पिळायचा ॲल्युमिनियमचा चिमटा होता. त्यात मोसंबी मावेना, म्हणून काकांनी फोडी करून दाबल्या, तर सालीतलं तेल रसात उतरलं आणि काकूंची जीभ चरचरली. "हे यंतर लिंबाचं हाय," काका म्हणाले. "मोसंबीचं निराळं पायजे."

माझ्या सासूबाईंना काकूंजवळ बसवून आम्ही दोघं गुलमंडीत गेलो. भांड्यांच्या दुकानात काकांनी हातानं रस काढायचं जे जे होतं ते सगळं काउंटरवर मांडायला लावलं. प्लास्टिकचं दाबून पाहिलं, ते वाकलं. स्टीलच्याची वाटी उथळ होती. मग काचेचं एक जड भांडं निघालं. मधोमध धारदार कडांचा उंचवटा, भोवती बिया अडवायला दाते, आणि रस ओतायला चोच. अर्धी मोसंबी उंचवट्यावर उपडी ठेवायची आणि फिरवायची, एवढंच काम. काकांनी पिशवीतून मोसंबी काढली, खिशातून चाकू काढला आणि काउंटरवरच कापायला घेतली. दुकानदार आधी बघतच राहिला. मग म्हणाला, "चचा, बर्तन देखना है तो देखो. जूस नक्को निकालो यहाँ."

काकांनी दोन-तीन वेळा मोसंबी फिरवली, तेवढ्यात त्यानं भांडं ओढून घेतलं. जे काही निघालं होतं ते काका तिथल्या तिथे प्यायले, एक डोळा मिटून. दुकानातली गिऱ्हाइकं निकालाची वाट बघत थांबली. "चालतंय," काका म्हणाले. रिक्षात ते भांडं त्यांनी मांडीवर धरून आणलं.

आणि घरी रस पुन्हा कडूच.

मला काही उमजेना. रोज सकाळी मी मशीन थांबवून भिंतीशी बसायची. काचेवर मोसंबी फिरल्याचा खर्र खर्र आवाज यायचा. मध्येच काकूंचं "बास." पुन्हा खर्र खर्र, आधीपेक्षा जोरात. मग शांतता. मग चमचा खाली पडल्याचा आवाज. एकदा मी वाटीतला रस चाखून सांगितलं की काका, हा कडू आहे. त्यांना ते लागलं. फळवाला लबाड निघाला म्हणाले, आणि फळवाला बदलला. मग तो बदललेलाही बदलला.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता. मला भिंतीआड बसवेना, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन काकूंच्या पायाशी बसले. काकूंना उशीला टेकवून बसवलं होतं. गालाची हाडं वर आली होती. काकांनी खाली बैठक मारली, मोसंबी अर्धी कापली, काचेवर ठेवली आणि फिटरचा हात फिरू लागला.

"बास," काकू म्हणाल्या.

"आगं, पिऊन तर बघ आधी. लगीच बास कामून?" काका मान वर न करता म्हणाले. हात चालूच.

तेव्हा मला दिसलं की काकू वाटीकडे बघतच नव्हत्या. त्या काकांच्या हाताकडे बघत होत्या. त्यांचा डावा हात गोधडीवरून घसरत कडेला आला, खाली लोंबला आणि काकांच्या मनगटावर पडला.

"बास," त्या पुन्हा म्हणाल्या.

हात थांबला. काकांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग मोसंबीकडे. ती अजून चांगली फुगलेली होती. त्यांच्या हातातून इतकी भरलेली साल कधी सुटली नसेल.

"अजून हाय की यात," ते म्हणाले. "लई हाय."

काकूंनी मनगट सोडलं नाही. काकांच्या कपाळावर घाम आला. हळूच त्यांनी ती साल उचलून ताटलीत उताणी ठेवली, आतला रस सांडू नये म्हणून. दुसरी अर्धी घेतली. दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवता फिरवता थांबले आणि वर पाहिलं. "बास," काकू म्हणाल्या.

"पांढऱ्या सालीला धार लागतीया व्हय गं? म्या तिला खरवडत बसलो," ते पुटपुटले. नंतर रस वाटीत ओतला, पण चाखला नाही. चमचा माझ्यापुढे धरला. "ताई, तुमी बगा. माझी जीभ मेलेली हाय."

मी चाखला. कडूपणाचं नाव नव्हतं. मी मान डोलावून चमचा परत दिला. चमचा काकूंच्या ओठांशी गेला. ओठ मिटलेले. काकांनी चमचा तसाच धरून ठेवला. मग ओठ जरासे विलग झाले, गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. ठसका लागला नाही. दुसरा चमचा गेला. वाटी रिकामी झाली, मागून पेजही गेली.

ताटलीतल्या भरलेल्या साली मात्र काकांना बघवेनात. त्यांनी त्या उचलल्या, दोन्ही हातांनी पार चोथा होईपर्यंत पिळल्या आणि तो कडू रस डावा डोळा मिटून स्वतःच्या तोंडात घेतला. "चालतंय," ते म्हणाले. काकूंच्या तोंडाची चालती बाजू हलली. ते हसू होतं, मी शपथेवर सांगते.

रविवारी मुलगा आला, त्यानं आईला घोट घेताना पाहिलं आणि एकटाच परत गेला. पुढे रोज हेच चाललं. काकूंनी बास म्हणायचं, काकांनी हात थांबवायचा, आणि राहिलेला कडू वाटा स्वतः प्यायचा. थंडी गेली, ऊन चढलं. एका दुपारी काकू झोपेतच गेल्या. आपल्या घरी, आपल्या कॉटवर. दोन्ही हात मोकळे होते.

काका पुढे मुलाकडे नाशिकला गेले आणि तिकडेच वारले. त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. पण मला आठवते ती त्यांची जाण्याआधीची एक सकाळ. तेरावा झाला होता, पाहुणे पांगले होते. मी मशीनवर बसले आणि भिंतीपलीकडून आवाज आला, खर्र खर्र. माझे हात जागीच थांबले. आता तो शब्द कोण म्हणणार? आवाज थांबला आणि शब्द आला, काकांच्या आवाजात.

"बास."

मी उठून गेले. कॉट उभी करून भिंतीला लावलेली होती. काका खाली बसले होते, हातात भरलेली वाटी घेऊन. ती कुणाला द्यावी हे कळत नसल्यासारखे. मला पाहिल्यावर त्यांनी ती पुढे केली.

"ताई, बगा बरं. कडू नाय ना?"

मी सगळी प्यायले. "चालतंय," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. काहीतरी काम हवं म्हणून मी ताटलीतल्या साली टाकायला उचलल्या. त्या जड होत्या. काकांनी त्या पिळल्याच नव्हत्या.