भाऊजी गाडी पाहतात

आमच्या भाऊजींइतका चोखंदळ आणि त्याच वेळी इतका निरुपयोगी माणूस अख्ख्या पार्ल्यात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भाजी घ्यायला गेले की एकेक भेंडी अशी निरखत की शेवटी भाजीवालीच म्हणायची, "साहेब, तुम्ही घेऊ नका, पण तिला सोडा." न्हाव्याकडे आधी वस्तऱ्याच्या खानदानाची चौकशी, मग दाढी. असा हा माणूस एके दिवशी कचेरीतली चांगली नोकरी सोडून घरी आला आणि ताईला म्हणाला, "मी मालाची व्हॅन घेतोय. तातडीचा माल पोचवणार. लॉरीवाले उद्या-परवा नेतात, मी आत्ता नेणार." ज्यांना पायात चपला सरकवायला अर्धी सकाळ लागे, त्यांच्या तोंडी 'तातडी' हा शब्द ऐकून मला ठसका लागला. ताई शाळेत शिकवायची. त्या आठवड्यापासून तिने संध्याकाळच्या शिकवण्याही धरल्या.

काम तयार होतं, हे कबूल केलं पाहिजे. अंधेरीतल्या एका फिल्मवाल्या शेठनी शब्द दिला होता: सिनेमाच्या रिळांचे डबे एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात वेळेवर न्यायचे, गाडी आणा आणि सुरू करा. राहिली होती ती फक्त गाडी. ती पाहण्यात हिवाळा गेला, उन्हाळा आला. सोबतीला मी, कारण जावयाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. घाटकोपरला एका दलालाकडे चांगली धडधाकट व्हॅन होती. भाऊजींनी तिचा हॉर्न वाजवून पाहिला आणि मान हलवली. "यात अजिजी आहे. तातडीच्या गाडीने विनवण्या करायच्या नसतात." मुलुंडच्या व्हॅनमध्ये त्यांनी मला माल म्हणून मागे बसवलं, दोन्ही बाजूंना तांदळाची पोती रचली आणि खड्डे शोधशोधून गाडी फिरवली. "माल कसा आहे?" त्यांनी पुढून विचारलं. "मालाची कंबर गेली," मी म्हणालो. "मग नको," भाऊजी प्रसन्नपणे म्हणाले. नकार द्यायला कारण मिळालं की त्यांना भूक लागायची. बोरिवलीच्या गाडीत तर खोट काढायला काहीच सापडेना, तेव्हा म्हणाले, "आधीच्या मालकाचा चेहरा मला पटला नाही." दलालाने हात जोडले. "अहो, मालक आम्ही गाडीबरोबर देत नाही." पुढे पुढे तर भाऊजी लांबून दिसले की दलाल गॅरेजचं दार ओढून घेऊ लागले.

शेवटी शेठचा निरोप आला. रविवारी गाडी दारात दिसली नाही, तर काम दुसऱ्याला जाईल. भाऊजी म्हणाले, "घाईने कधी कुणाचं भलं झालंय?" ताईने पदर खोचला, मला म्हणाली, "चल रे," आणि अंधेरी स्टेशनमागच्या एका गॅरेजात शिरली. तिथे पूर्वी पाव पोचवणारी एक हिरवी व्हॅन उभी होती.

"सकाळी सुरू होते का?" तिने मिस्त्रीला विचारलं.

"होते. पावसाळ्यात जरा हँडल मारावं लागतं."

"छप्पर गळतं?"

"नाही, बाई."

"चढावर थांबली तर मागे घसरत नाही ना?"

"नाही."

"मग द्या."

घरी आणल्यावर भाऊजींनी दारात उभ्या त्या गाडीभोवती फेरी मारली. "हिचं नाक बसकं आहे," ते म्हणाले.

"असू दे. तिला माल न्यायचाय, वास घ्यायचा नाही," ताई म्हणाली.

रविवारीच पहिली वर्दी आली. मुलुंडच्या थिएटरात मध्यंतरानंतरच्या रिळांऐवजी भलत्याच सिनेमाचे डबे गेले होते आणि खेळ सुरू झाला होता. वाटेत हे बॉनेट उघडून बसतील म्हणून ताई पुढे बसली. मी मागे, डबे मिठीत घेऊन. अंधेरी-कुर्ला रस्ता, मग घाटकोपर, मग आग्रा रोड. भाऊजी गाडीला सारखे शिव्या घालत होते, पण थांबले नाहीत. बैलगाड्यांमधून त्यांनी ती अशी काढली की त्यांच्याबद्दलची माझी मतं थोडा वेळ मागे पडली. आम्ही पोचलो तेव्हा आत शिट्ट्या आणि खुर्च्या आपटणं चाललं होतं. मॅनेजर डबे घेऊन धावत आत गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याने आम्हाला बाल्कनीत नेऊन बसवलं. नायक कोण, खलनायक कोण, काही कळेना. अर्धी गोष्ट तर आधीच होऊन गेली होती. नवल म्हणजे भाऊजींनी खुर्चीला, पंख्याला, पडद्याला, कशालाच नाव ठेवलं नाही.

पुढे कितीतरी वर्षं ती गाडी त्यांनी चालवली. तिला ते रोज नावं ठेवत, पण माल कधी उशिरा पोचला नाही. गाडी गेली, मग ताईही गेली. अलीकडे एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. बोलायला काही सुचेना, म्हणून विचारलं, "भाऊजी, मुलुंडला त्या दिवशी सिनेमा कुठला होता हो?"

त्यांनी हातातला चहाचा कप उलटसुलट करून निरखला.

"मला तरी कुठं ठाऊक," ते म्हणाले. "मी पडद्याकडे पाहिलंच नाही. तुझी ताई हसत होती रे. फार दिवसांनी."